तुटक रेषा

शालिनी उरकुडे गेली ती १९ मे २०४३ रोजी, दुपारी पावणेतीन ते साडेतीनच्या मध्ये कधीतरी. नेमकी वेळ कोणाला सांगता आली नाही, कारण घरात ती एकटीच होती. तिची थोरली बहीण कुंदाबाई शिक्षकांच्या प्रशिक्षणाला गेल्या होत्या. चार वाजता त्या परतल्या तेव्हा कूलर बंद होता, प्राणवायूचं यंत्र बंद होतं, आणि शालिनी पलंगावरून उतरून दारापर्यंत आली होती. कडीपर्यंत तिचा हात पोचला नव्हता.

धामणखेड हे विदर्भातलं लाखभर वस्तीचं शहर. त्या दिवशी पारा ४८.६ वर होता. दोघी बहिणींनी लग्न केलं नव्हतं. कुंदाबाई ज्युनियर कॉलेजात गणित शिकवायच्या. शालिनीनं बावीस वर्षं सिमेंटच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळली, आणि त्या धुळीनं तिची फुप्फुसं निकामी केली. प्राणवायूच्या यंत्राची बॅटरी चाळीस मिनिटं चालायची. त्यापुढे यंत्राला वीज लागायची, आणि ती दोन वाजता गेली होती.

ती वीज चुकून गेली नव्हती. ती 'वाटप'नं काढून घेतली होती.

तोवर उन्हाळ्यातल्या दुपारी सगळ्या घरांना पुरेल इतकी वीज नसणं नेहमीचंच झालं होतं. पूर्वी अशा वेळी एकेक भाग अंधारात जायचा, त्यात दवाखानेही यायचे आणि रिकामी घरंही. म्हणून शहरानं 'वाटप' आणलं. तुटवडा पडला की कोणत्या घराची वीज ठेवायची आणि कोणाची काढायची, हे ते यंत्र ठरवायचं, आणि कसं ठरवतं हे सगळ्यांना फोनवर बघता यायचं. त्याचं गणित अकरावीच्या मुलालाही समजावं इतकं सरळ होतं.

प्रत्येक घर म्हणजे आलेखावरचा एक बिंदू. आडव्या अक्षावर घराचा वीजभार, शून्य ते दहा. उभ्या अक्षावर जोखीम, शून्य ते शंभर. घरात म्हातारी माणसं किती, आजारी किती, छप्पर किती तापतं यावरून आरोग्य खातं ती ठरवायचं. या आलेखावर तीन रेषा होत्या. एक म्हणायची, भार सहाच्या वर नको. दुसरी म्हणायची, जोखीम चाळीसच्या खाली नको. तिसरी तिरकी होती. तिचं म्हणणं असं, की भाराची दहापट करा, त्यात दहा मिळवा, जोखीम त्याहून कमी नको. म्हणजे ज्याला जास्त वीज हवी, त्याची गरजही तेवढी मोठी हवी. कोणतीही रेषा कागदाचे दोन भाग करते, एक आतला आणि एक बाहेरचा. तिन्ही रेषांचा आतला भाग जिथं एकमेकांवर पडतो, तेवढा तुकडा आलेखावर पिवळा रंगवलेला असायचा. पिवळ्यात पडलेल्या घराला वीज मिळायची. बाहेरचा बिंदू राखाडी व्हायचा.

उरकुडे भगिनींच्या घराचा भार पाच होता आणि जोखीम साठ. पाचाची दहापट पन्नास, अधिक दहा, साठ. त्यांचं घर बरोबर रेषेवर होतं. जोखीम साठपेक्षा 'कमी नको' असा नियम, आणि साठ काही साठपेक्षा कमी नाही. मागची तीन वर्षं दोघी त्या रेषेवरूनच आत होत्या.

त्या दुपारी धामणखेडमध्ये उष्माघातानं आणि यंत्रं बंद पडल्यानं नऊ माणसं गेली.

दहाव्या दिवशी प्रफुल्ल निखाडे भेटायला आला. तो वीज विभागाचा मुख्य अभियंता, 'वाटप' त्याच्याच हाताखाली चालायचं. बावीस वर्षांपूर्वी तो कुंदाबाईंच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचा. त्यानं वाकून नमस्कार केला.

"बाई, काय बोलू? यंत्रात काहीतरी बिघाड झाला असणार. माझ्या हातात असतं तर असं होऊ दिलं असतं का?"

"तुझा काय दोष त्यात," कुंदाबाई म्हणाल्या. त्यांना तसंच वाटत होतं.

चौकशी समिती बसली आणि सप्टेंबरात तिचा अहवाल आला. तो चौदा पानांचा होता, पण सगळं सार एका वाक्यात होतं: 'सदर दिवशी कोणतीही रेषा हलवण्यात आलेली नाही.' कायद्यानं रेषा हलवायची तर चोवीस तास आधी जाहीर करावं लागायचं. रेषेचा एखादा आकडा, म्हणजे सहगुणक, जरी बदलला तरी यंत्र आपोआप राज्याच्या नियामकाला कळवायचं, आणि न सांगता बदलणाऱ्याला तुरुंग होता. नियामकाला त्या दिवशी काहीच कळवलं गेलं नव्हतं. म्हणून कोणी दोषी नव्हतं.

कुंदाबाईंनी तो अहवाल चारदा वाचला. रेषा हलली नाही, भार बदलला नाही, जोखीम बदलली नाही. मग रेषेवरचा बिंदू बाहेर कसा पडला? हा प्रश्न त्यांनी पस्तीस वर्षं मुलांना विचारला होता, आणि त्याचं उत्तर एकच होतं.

'वाटप'च्या जुन्या नोंदी कोणालाही वाचता यायच्या, फक्त वाचत कोणी नव्हतं. त्यांनी १९ मेचं पान काढलं. दुपारी एक वाजून पन्नास मिनिटांनी एक ओळ होती. तिसऱ्या रेषेपुढचं चिन्ह बदललं होतं. आधी 'मोठं किंवा समान' होतं, नंतर फक्त 'मोठं'. बदल करणाऱ्याच्या रकान्यात मुख्य अभियंत्याची खूण होती.

रेषा जागच्या जागी होती. फक्त ती सलग होती ती तुटक झाली होती. सलग रेषा काढली तर रेषेवरचे बिंदू उत्तरात धरायचे, तुटक काढली तर धरायचे नाहीत. वहीत हा पेन्सिलीच्या दोन फटकाऱ्यांचा फरक. पण भार आणि जोखीम दोन्ही पूर्ण संख्यांत मोजायचे, त्यामुळे धामणखेडमधली दोनशे बारा घरं बरोबर त्या रेषेवर होती. दोन वाजता रेषा लागू झाल्या तेव्हा ती सगळी एका क्षणात बाहेर गेली. गेलेल्या नऊपैकी सहा माणसं त्या घरांतली होती. वाचलेली वीज कुठं गेली तेही नोंदीत होतं. मैदानावर उद्योग मेळावा भरला होता आणि पाहुण्यांचा मंडप गार ठेवायचा होता.

कुंदाबाई बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसल्या. मग सवयीनं त्यांची नजर कोपऱ्याकडे गेली. पिवळा तुकडा काढला की आधी त्याचे कोपरे तपासायचे, ही त्यांचीच शिकवण. सहाचा भार आणि तिरकी रेषा जिथं मिळतात तो कोपरा म्हणजे सहा आणि सत्तर. तिथं एक घर होतं, मीटर क्रमांक ३०७१८. तेही रेषेवरच होतं, म्हणून तेही राखाडी व्हायला हवं होतं. पण ते दुपारभर पिवळं राहिलं. कारण त्याच दिवशी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी त्या घराची जोखीम सत्तरवरून एकाहत्तर झाली होती. एका अंकानं ते घर रेषेवरून उठून आत गेलं होतं, रेषा तुटक व्हायच्या अडीच तास आधी.

दिवाळीत प्रफुल्लचे वडील नामदेवराव यांचा निरोप आला, बाईंनी फराळाला यावं म्हणून. कुंदाबाई गेल्या. दाराशेजारी भिंतीवर मीटरची पेटी होती. तिच्यावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं, ३०७१८.

त्या उंबऱ्यावर थांबल्या. मग आत गेल्या.

नामदेवराव ऐंशीचे होते, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. दोनदा हृदयाचं ऑपरेशन झालेलं, डावा पाय ओढत चालायचे. त्यांनी कुंदाबाईंना एसीसमोरची खुर्ची दिली.

"बसा न बाई. तुमी नसत्या तर हा पोरगा गणितात पास झाला नसता. मी सांगतो साऱ्यायले." मग आवाज खाली आणून म्हणाले, "बहीण गेली म्हणे तुमची. मले तर उशिरा समजलं. लय वाईट झालं."

"हो," कुंदाबाई म्हणाल्या.

प्रफुल्लची बायको रेवती चकल्या घेऊन आली. प्रफुल्ल समोर बसून होता. कुंदाबाईंनी त्याच्याकडे बघितलं. तो हसला, अगदी वर्गात हसायचा तसा. त्या क्षणी त्यांच्या मनात काहीतरी थंड होऊन बसलं आणि पुढचे सात महिने ते तसंच राहिलं.

आधी त्यांनी सरळ मार्ग धरला. दोन्ही नोंदी जोडून चौकशी समितीकडे अर्ज केला. महिन्यानं उत्तर आलं: चिन्हबदल ही तांत्रिक बाब आहे, जोखीम-अंक रोजच सुधारले जातात, आणि मीटर कोणाच्या नावे आहे हे गोपनीय असल्यानं सांगता येत नाही. जानेवारीत प्रफुल्लला बढती मिळाली.

तेव्हा त्यांनी वहीत दोन अक्ष आखले.

कायद्यात एक सोय होती. दरवर्षी प्रत्येक प्रभागाच्या सभेला आपल्याकडून एक रेषा सुचवता यायची. सभेनं आणि शहर समितीनं मान्य केली की ती सगळ्या शहराला लागू व्हायची. कुंदाबाईंना अशी रेषा हवी होती, जिच्या बाहेर शहरातलं एकच घर पडेल. मधोमध असलेला बिंदू असा एका रेषेनं वेगळा काढता येत नाही, त्याच्याबरोबर दहा दुसरे जातात. पण कोपऱ्यातला बिंदू काढता येतो, आणि प्रफुल्लनं आपलं घर कोपऱ्यात बसवलं होतं.

त्यांनी पेन्सिलीचं टोक पाच आणि साठवर टेकवलं, जिथं शालिनीचं घर होतं. तो बिंदू तसाच धरून पट्टी थोडी उभी केली. दहाच्या चढाची रेषा बाराच्या चढाची झाली. भाराची बारापट, जोखीम त्याहून कमी नको. पाच भाराला साठच लागतात, काही बदललं नाही. चाराला किंवा तिनाला तर काहीच फरक नाही, तिथं जुनी रेषाही राहणार होती आणि तीच जास्त कडक. पण सहा भाराला आता बहात्तर लागत होते. जुन्या आणि नव्या रेषेच्या मध्ये एक अरुंद त्रिकोण सुटत होता. त्यांनी शहरातले सगळे बिंदू त्याच्याशी ताडून पाहिले. त्रिकोणात एकच होता, ३०७१८.

नामदेवरावांचा विचार मनात आला नाही असं नाही. आला. त्यांनी तो बाजूला ठेवला. शालिनीचाही विचार कोणीतरी असाच बाजूला ठेवला होता.

फेब्रुवारीत प्रभागसभेत त्यांनी फळ्यावर आलेख काढून समजावलं. भाजी विकणाऱ्या सिंधूताईंनी विचारलं, "म्हंजे आमचा कूलर बंद होईन का?"

"नाही."

"मग कोणाचा?"

"सहा भार वापरूनही ज्याची जोखीम बहात्तरच्या खाली आहे, त्याचा. आपल्या प्रभागात तसं कोणी नाही."

"मंग बरोबर आहे न. दोन-दोन एसी लावायचे तर तेवढं दुखणंही पायजे घरात," सिंधूताई म्हणाल्या. सभेत हशा पिकला आणि ठराव एकमतानं पास झाला.

शहर समितीची बैठक तीन एप्रिलला होती. ही तारीख कुंदाबाईंच्या हिशेबात बसत होती. हंगामासाठी भार नोंदवायची मुदत एकतीस मार्चला संपायची, त्यानंतर पावसाळ्यापर्यंत तो कमी-जास्त करता यायचा नाही. जोखीमही मागच्या वर्षीच्या मृत्यूंनंतर तीन डॉक्टरांच्या सहीशिवाय बदलत नव्हती.

समितीत पाच जण होते. प्रफुल्लनं पडद्यावर रेषा आणली. पडद्यावरचा त्रिकोण त्यानं मोठा केला, पुन्हा लहान केला.

"ही पाच-साठमधून जाते," तो म्हणाला.

"हो. तिथं आमचं घर होतं."

अध्यक्ष एक निवृत्त तहसीलदार होते. त्यांनी विचारलं, "निखाडे, हिच्यामुळं किती घरं बाहेर जातात?"

"एक."

"एकच? मग हरकत काय? कोणाचं आहे?"

कुंदाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. माझं आहे, एवढंच त्याला म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं की एकाहत्तर कुठून आले हेही सांगावं लागलं असतं.

"मीटरवरून नाव सांगता येत नाही," प्रफुल्ल म्हणाला. "गोपनीय असतं."

"मग तुमचा तांत्रिक आक्षेप काही?"

"नाही."

त्यानं सही केली. बाहेर जिन्याजवळ त्यानं कुंदाबाईंना गाठलं.

"बाई, आबा ऐंशीचे आहेत."

"शालिनी बावन्नची होती."

"त्यांनी तुमचं काय केलंय?"

"काही नाही. तिनंही तुझं काही केलं नव्हतं." त्यांनी पर्स खांद्यावर घेतली. "या वेळी समानचं चिन्ह खोडून किंवा घालून तुझं काम होणार नाही, प्रफुल्ल. एकाहत्तर आणि बहात्तर. सहगुणकच बदलावा लागेल. तो बदलला की काय होतं ते तुला माहीत आहे."

"तुटवडा पडला तर ना," तो म्हणाला. "यंदा वीज केंद्रात नवा संच सुरू झालाय. वर्षभरात एकदाही पडणार नाही."

"मग तुला काळजी कशाला?"

एप्रिलभर तुटवडा पडला नाही, अर्धा मे गेला तरी नाही. कुंदाबाई रोज दुपारी फोनवर आलेख उघडायच्या. सगळं शहर पिवळं असायचं. त्या फोन ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडायच्या. कॉलेजातल्या सहकारी बाईंनी एकदा म्हटलं, तुम्ही हल्ली जेवत नाही का? त्यांनी मान हलवली.

२७ मेला पारा अठ्ठेचाळीसच्या वर गेला. दुपारी एकच्या सुमारास वीज केंद्रातला नवा संच बंद पडला. सव्वाला सूचना आली, दीडला रेषा लागू झाल्या.

कुंदाबाईंचं स्वतःचं घर आता एका माणसाचं होतं. त्याची जोखीम चौतीस, ते पहिल्याच क्षणी राखाडी झालं. पंखा थांबला. त्यांनी ओला टॉवेल डोक्यावर घेतला आणि फोन पुढ्यात ठेवला. कोपऱ्यात ३०७१८ राखाडी होतं.

त्यांना बरं वाटलं. गळ्यापासून पोटापर्यंत गार पाणी उतरावं तसं वाटलं. आता रेवतीनं त्याला फोन केला असेल. तो नियंत्रण कक्षात असेल, अकरा किलोमीटर लांब. त्याच्यापुढे दोनच मार्ग होते. म्हातारा तापत राहील, नाहीतर तो आकडा बदलेल आणि पुढच्या मिनिटाला नियामकाला कळेल. गेल्या वर्षी दोनशे बारा घरं बाहेर काढताना ज्याला काही वाटलं नाही, तो आज एका घरासाठी आकडा हलवेल, आणि सगळं शहर ते बघेल. कुंदाबाईंना तेवढंच हवं होतं. मागचं सगळं वर्ष त्या या मिनिटासाठी जगल्या होत्या.

पावणेदोन झाले. रेषा हलली नाही.

दोन झाले. दोन वाजून दहा मिनिटं झाली. चाळीस मिनिटं. रेषा जागच्या जागी होती.

तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या ध्यानात आलं की तो कदाचित ती हलवणारच नाही. तो बसून राहील, आपणही बसून राहू, आणि मधल्या मध्ये तो म्हातारा मरेल. त्या उठल्या. का उठलात, असं पुढे त्यांना कित्येकांनी विचारलं, आणि त्यांनी कधी सरळ उत्तर दिलं नाही. माठातलं पाणी त्यांनी दोन बाटल्यांत भरलं, जुनी सुती साडी पिशवीत टाकली, छत्री घेतली आणि निघाल्या. निखाड्यांचं घर चालत बारा मिनिटांवर होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. डांबर चपलेला चिकटत होतं.

रेवतीनं दार उघडलं. तिचे केस घामानं कपाळाला चिकटले होते.

"बाई, तुम्ही? आबा बघा ना कसे करतात. रुग्णवाहिका म्हणते दीड तास लागेल. यांना चारदा फोन केला. बघतो, म्हणतात, आणि ठेवून देतात."

नामदेवराव पलंगावर होते. अंग भट्टीसारखं तापलेलं आणि कोरडं, घामाचा थेंब नव्हता. डोळे अर्धे उघडे. ते पुटपुटत होते, "इंजिन तापलं... घाटात थांबव गाडी... लोकायले उतरव."

शालिनी गेल्यावर कुंदाबाईंनी उष्माघातावर सापडेल ते सगळं वाचलं होतं. ते तिच्या कामी आलं नव्हतं. त्यांनी साडी फाडून भिजवली, एक तुकडा मानेखाली, एक काखेत, एक जांघेत ठेवला. सदरा काढायला लावला.

"अंगावर पाणी शिंपड आणि वहीनं वारा घाल. थांबू नको. तोंडात पाणी घालू नको, शुद्ध नाही त्यांना."

दोघी काम करत राहिल्या. माठाचं पाणी संपलं, मग टाकीतलं घेतलं. ते कोमट होतं, तरी वापरलं. एकदा नामदेवरावांचा हात उठला आणि त्यानं कुंदाबाईंचं मनगट धरलं. पकड ड्रायव्हरची होती, घट्ट.

दोन वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी एसी वाजला. पंखा फिरायला लागला.

"लाइट आली," रेवती म्हणाली आणि रडायला लागली. "बाई, तुम्ही आलात म्हणून. नाहीतर मी एकटी काय केलं असतं?"

कुंदाबाईंनी मोकळ्या हातानं पर्समधून फोन काढला. नवी तिरकी रेषा थोडी आडवी झाली होती. बाराच्या जागी अकरा. सहा गुणिले अकरा सहासष्ट, एकाहत्तर आत. खाली लाल अक्षरांत ओळ होती: 'सहगुणक बदल. नियामकास कळवले.' तिच्यापुढे प्रफुल्लची खूण.

त्यानं सत्त्याहत्तर मिनिटं घेतली होती.

जे हवं होतं ते सगळं त्यांच्या हातात आलं होतं, आणि दुसरा हात म्हाताऱ्यानं अजून सोडला नव्हता. त्या रुग्णवाहिका येईपर्यंत तिथंच बसून राहिल्या.

पुढचं भराभर झालं. त्याच संध्याकाळी नियामकाचे लोक आले आणि नियंत्रण कक्ष ताब्यात घेतला. मीटर कोणाचं हे आता गोपनीय राहिलं नाही. मागच्या वर्षीचं पान पुन्हा उघडलं गेलं, अकरा वीसची नोंद आणि एक पन्नासची नोंद एकाखाली एक ठेवली गेली. प्रफुल्लला आधी निलंबित केलं, मग अटक झाली. पुढे कोर्टानं त्याला पाच वर्षं दिली. ती सहगुणक हलवल्याबद्दल नव्हती, त्या सहा माणसांबद्दल होती. निकालाच्या दिवशी कुंदाबाई कोर्टात होत्या. पोलीस त्याला नेताना त्यानं मागं वळून पाहिलं. त्यांनी नजर काढली नाही. त्यांना समाधान वाटलं. ते त्यांनी कधी नाकारलं नाही.

पण नियामकाची चौकशी त्याच्यावर थांबली नाही. ऑगस्टमध्ये त्यांनाही बोलावलं गेलं. चौकशी अधिकारी तरुण होती, नम्र होती.

"उरकुडे मॅडम, ही रेषा तुम्ही सुचवली. त्या त्रिकोणात एकच घर आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं."

"कोणाचं आहे तेही?"

"तेही."

"त्या घरात ऐंशी वर्षांचा हृदयरोगी आहे हेही?"

"हो. मी त्यांच्याकडे फराळ केला होता."

अधिकारी लिहायची थांबली. "मॅडम, मी हे असंच लिहिलं तर तुमच्यावरही कारवाई होईल. तुम्ही म्हणू शकता की रेषा सर्वसाधारण न्यायाच्या विचारानं सुचवली होती. सभेचा ठराव आहे, तसं मानता येईल."

"ती त्याला गाठण्यासाठी काढली होती," कुंदाबाई म्हणाल्या. "लिहा."

रेषा रद्द झाली. प्रभागसभेत त्यांना कायमची बंदी झाली, आणि निवृत्तीला सात महिने उरले असताना कॉलेजनं त्यांना रजेवर पाठवलं. गेलेल्या बाकीच्या पाच जणांच्या घरची माणसं त्यांना भेटायला आली, कोणी साडी आणली, कोणी नारळ. सिंधूताई मात्र आल्या नाहीत. बाजारात दिसल्या तेव्हा म्हणाल्या, "बाई, आमच्या हातानं करून घेतलं तुमी ते. आमाले सांगायचं होतं." आणि भेंडी तोलायला लागल्या.

ऑक्टोबरमध्ये एका सकाळी रेवती आली. दारातच उभी राहिली. हातात चौकशीच्या अहवालाची प्रत होती.

"त्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा मला वाटलं, देवानंच पाठवलं," ती म्हणाली. "मी सगळ्यांना तेच सांगत होते. आता हे वाचलं."

कुंदाबाईंनी दार पूर्ण उघडलं.

"मी भांडायला नाही आले. आबांनी पाठवलंय. त्या बाई परत का आल्या नाहीत, असं रोज विचारतात."

"त्यांना सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. सगळा अहवाल वाचून दाखवला, पहिल्या पानापासून. दोन दिवस एक शब्द बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं."

"कशासाठी बोलावतात?"

"ते मलाही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, त्यायले घेऊन ये."

कुंदाबाईंनी गॅस बंद केला आणि पायांत चपला घातल्या.